मध्यरेषेवर पेडल नको, उभा पाय हवा

नवीन ट्रोलिंग मोटर, म्हणजे मासेमारीत बोट हळू चालवायला नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) बसवायची विजेची छोटी मोटर, घेतली की चर्चा सगळी मोटरची होते. थ्रस्ट (ढकलायचा जोर) किती, दांडा किती इंची, बॅटऱ्या दोन की तीन. मोटर वळवायचं पायाचं पेडल शेवटी उरतं आणि नाळेवरच्या डेकच्या बरोबर मधोमध चार स्क्रू मारून बसवलं जातं, कारण तिथे ते दिसायला सरळ दिसतं. माझ्या मते नाळेवरच्या सगळ्या जोडणीत सर्वांत जास्त विचार याच जागेचा व्हायला हवा. मोटरचं ब्रॅकेट दोन इंच इकडेतिकडे झालं तर भागतं. पेडल दोन इंच चुकलं तर तीन-चार तासांत कंबर आणि खुबा दुखायला लागतो, आणि दुखणाऱ्या अंगाने नेमका कास्ट (गळाची फेक) पडत नाही.

नाळेवर मोटर आणि पायाखाली पेडल ही रचना अमेरिकेत बास मासा पकडणाऱ्यांच्या बोटींवर रुळली. गोव्याच्या खाड्यांत बास नाही, पण तसाच आडोशाला दबा धरून बसणारा चोणक आहे, तांबसो आहे, गोबरो आहे. तिवरांची मुळं, जुन्या जेटीचे खांब, पुलाखालची सावली, अशा ठिकाणी लूअर (गळाचं बनावट आमिष) मुळांपासून वीतभर अंतरावर टाकावा लागतो. दोन्ही हात रॉड आणि रीलवर गुंतलेले असतात, म्हणून बोट पायाने चालवायची.

फरक पाण्याचा आहे. बासच्या तलावात पाणी बहुतेक वेळ उभं असतं. मांडवी, जुवारी, शापोरा, साळ, कुंभारजुव्याचा कालवा इथे ते साधारण सहा तास चढतं आणि सहा तास उतरतं, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा चढउतार दोन मीटरच्या वर जातो. ओहोटीला छोट्या व्हाळातून किंवा मानशीतून (बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून) पाणी मुख्य खाडीत पडतं, तिथे चोणक तोंड वासून थांबलेला असतो. (मानशीच्या मासेमारीचा हक्क लिलावाने दिलेला असतो. ज्याच्याकडे तो आहे त्याला विचारल्याशिवाय तिथे लूअर टाकू नये.) अशा जागी प्रवाहाविरुद्ध बोट धरून ठेवायला मोटर जवळजवळ सतत चालू असते. पाय पेडलवरून निघतच नाही. तलावावर खपून जाणारी वाईट जागा खाडीत एका ओहोटीत उघडी पडते.

आधी पाय काय करतो ते पाहू. केबलने मोटरला जोडलेल्या पेडलवर चवडा दाबला की मोटर उजवीकडे वळते, टाच दाबली की डावीकडे. बोट सरळ जात असताना पेडल मधल्या अवस्थेत असतं आणि घोटा साधारण काटकोनात. प्रवाहात मात्र पाय तिथे स्थिर राहत नाही. चवडा अर्धा इंच खाली, परत वर, टाच जराशी, परत वर, आणि अंगठ्याने मधूनमधून बटण. हे सगळं घोट्यातून व्हायला हवं. पेडल उंच असेल तर घोट्याऐवजी गुडघा आणि मांडी उचलली जाते. पाय हवेत धरून ठेवायचं काम मांडीच्या वरच्या स्नायूवर येतं आणि दुसऱ्या पायावर शरीराचा सगळा भार पडतो. खुबा एका बाजूला कलतो, त्यावर कंबर उलटी वळते. दुखणं येतं ते इथून. ते वयाचं किंवा व्यायाम नसल्याचं मानून लोक सोडून देतात, पण पेडल खाली घेतलं की बहुतेकांचं थांबतं.

म्हणून उंचीचा प्रश्न पहिला, जागेचा नंतर. पेडल मधल्या अवस्थेत असताना त्याच्या पाटाचा (पाय ठेवायच्या हलत्या फळीचा) मधला भाग आणि उभा पाय, म्हणजे भार घेणारा दुसरा पाय, ठेवायची जागा एकाच पातळीवर असावी. पेडल अर्धा इंच वर राहिलं तरी चालेल, दीड इंच वर नको. पेडल डेकच्या पातळीखाली गेलं तर तेही वाईट, कारण मग टाच खड्ड्याच्या कडेला अडते आणि डावं वळण पूर्ण मिळत नाही.

ही पातळी गाठायचे दोन रस्ते आहेत. डेकमध्ये खोबण करून पेडल त्यात बसवणं हा एक. पेडल डेकवरच ठेवून उभ्या पायाखालची जागा उंच करणं हा दुसरा.

खोबणीसाठी माप असं घ्यावं. पेडल सपाट फरशीवर ठेवा, मोटर सरळ पुढे तोंड करून असेल त्या अवस्थेत पाट आणा, आणि फरशीपासून पाटाच्या मध्यापर्यंतची उंची मोजा. समजा ती ९० मिलिमीटर भरली. डेकवर ५ मिलिमीटरचा फोम लावणार असाल तर उभा पाय तेवढाच वर येतो, तेही धरा. खोबणीची आतली खोली ८५ मिलिमीटर ठेवली तर फोमवरचा पाय आणि पाट एका रेषेत येतात. लांबी-रुंदी पेडलच्या मापाला घट्ट करू नका. दोन्ही बाजूंना किमान एक इंच मोकळं, टाचेमागे दीड इंच, आणि केबल पेडलच्या ज्या बाजूने बाहेर पडते तिथे केबल वळायला लागेल तेवढी जागा. बाजूची मोकळीक दोन कारणांसाठी: बुटाची कड घासत नाही, आणि आत अडकलेलं तिवराचं पान बोटांनी काढता येतं.

खोबण सगळ्यांना जमत नाही. आपल्याकडच्या सोळा-अठरा फुटी फायबरच्या बोटींना नाळेवरचं डेक पुष्कळदा नंतर बांधलेलं असतं, आणि त्याखाली तीन-चार इंच खोल जागाच नसते, किंवा असते तिथे अँकरचा दोर आणि बॅटरी असते. अशा वेळी दुसरा रस्ता घ्यावा. १२ एमएम मरीन प्लायची चौकट करून उभ्या पायाची आणि टेकायच्या सीटची जागा दीड-दोन इंच वर उचलायची. पेडल जुन्या डेकवरच राहतं. पूर्ण पातळी मिळत नाही, पण निम्म्याहून जास्त त्रास जातो. चौकटीच्या कडा गोल कराव्यात, नाहीतर मागे सरकताना पाय अडकतो.

यात एक मर्यादा आहे. बोट अरुंद असेल, मधल्या भागात चार फुटांच्या आसपास, तर उंच केलेल्या डेकवर उभं राहून मासेमारी करूच नये. शरीराचा भार दोन इंच वर गेला की अशा बोटीचा कल लगेच वाढतो. तिथे पेडल बसून वापरायच्या जागी घ्यावं. पाय पुढे पसरलेला असतो, पाट आपल्याकडे कललेला लागतो, आणि मग पेडलखाली मागून पुढे चढत जाणारी पाचर बसवली की घोटा आरामात राहतो.

आता जागा. मधोमध पेडल बसवण्यात चूक ही की भार पेडलवर नसतोच. तो उभ्या पायावर असतो, बहुतेक सगळा. पेडल मध्यरेषेवर आलं की उभा पाय आपोआप आठ-दहा इंच बाजूला जातो, शरीरही जातं, आणि बोट त्या बाजूला कलते. नाळ पुढे निमुळती असल्याने तिथे हा कल जास्त जाणवतो. त्यामुळे मध्यरेषेवर उभा पाय यावा आणि पेडल त्याच्या बाजूला, खुब्याच्या रुंदीइतकं दूर. दोन्ही पायांच्या मध्यांमधलं अंतर बहुतेक माणसांना आठ ते दहा इंच लागतं. त्याहून जवळ असेल तर तोल जातो, लांब असेल तर मांडी ताणली जाते.

कल नुसता गैरसोयीचा नाही. मांडवीत, जुवारीत आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात बार्ज जातात, आणि त्यांची लाट किनाऱ्याला आपटून परत येते. बाजूने आलेल्या दोन लाटांमध्ये एका पायावर उभा असलेला माणूस आधीच कललेल्या बोटीतून सहज पाण्यात जातो. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, हे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. बार्ज दिसली की पाय पेडलवरून काढून दोन्ही पाय डेकवर ठेवायचे, आणि लाइफ जॅकेट अंगावर असायलाच हवं.

पेडल कोणत्या पायाखाली? इथे नियम सांगणारे पुष्कळ भेटतील. माझा कल एका साध्या परीक्षेकडे आहे. सपाट जमिनीवर डोळे उघडे ठेवून आधी एका पायावर एक मिनिट उभे राहा, मग दुसऱ्या. ज्या पायावर कमी डुललात तो उभा पाय. पेडल दुसऱ्याखाली. उजव्या हाताने कास्ट करणाऱ्या बहुतेकांचा डावा पाय उभा ठरतो आणि पेडल उजवीकडे जातं. हे मोटरच्या जागेशीही जुळतं, कारण मोटर साधारणपणे नाळेच्या डाव्या कडेला बसवतात: मुख्य इंजिन चालवणारा उजवीकडे बसत असेल तर वजनाचा तोल राहतो.

उजव्या हाताने खालून, पाण्याला समांतर कास्ट करताना एक गोष्ट बारकाईने पाहा. तिवरांच्या लोंबत्या फांद्यांखाली लूअर सारायचा तर रॉड बाजूने मागे न्यावा लागतो. मागे नेताना भार क्षणभर उजव्या पायावर जातो. त्या क्षणी चवडा दाबला गेला तर मोटर उजवीकडे वळते, आणि लूअर सुटेपर्यंत नाळ हलून गेलेली असते. कास्ट फांदीत अडकतो आणि दोष रॉडला दिला जातो. पेडल शरीराच्या थोडं पुढे असेल तर हे कमी होतं, कारण भार मागे जाताना पुढच्या पायावर येत नाही. उभ्या पायाच्या टाचेपेक्षा पेडलची टाच तीन-चार इंच पुढे हवी. फार पुढे गेलं तर मात्र पुढे झुकून उभं राहावं लागतं.

कोन शून्य ठेवू नये. माणसाचं पाऊल उभं राहताना किंचित बाहेर वळलेलं असतं, दहा-पंधरा अंश. पेडलही तेवढं बाहेर वळवावं. सरळ बसवलेल्या पेडलवर गुडघा आत ओढला जातो, आणि संध्याकाळपर्यंत गुडघ्याची आतली बाजू दुखते. दिसायला वाकडं दिसेल, दिसू द्या.

नाळेच्या टोकापासून किती मागे? दोन गोष्टी पाहून ठरवा. एक, पेडलपाशी उभं राहून मोटर पाण्यात सोडायची दोरी एका पावलात हाताला लागली पाहिजे. दोन, सात फुटी रॉड पाण्यात खाली धरून त्याचं टोक मोटरच्या दांड्यापुढून पलीकडे नेता आलं पाहिजे. चोणक गळाला लागला की उडी मारतो, आणि उडी फसली की बोटीखाली शिरतो. त्या वेळी लाइन मोटरच्या दांड्याभोवती गेली तर मासा गेला. फार मागे बसवलेल्या पेडलची खरी किंमत त्या क्षणी कळते. बाजूच्या कडेपासून मात्र अंतर राखा. नडगी कडेला टेकत असेल तर जागा चुकली आहे.

टेकायची उंच सीट वापरत असाल तर तिचा खांब आधी ठरवून पेडल नंतर ठरवावं. बुड टेकलं असताना पेडलवरचा गुडघा किंचित वाकलेला हवा, ताठ नको.

हे सगळं कागदावर ठरत नाही, म्हणून ड्रिल हातात घ्यायच्या आधी चाचणी. बोट ट्रेलरवर असेल तर आधी तिला पाण्यात असते त्या कलात आणा. ट्रेलरवर नाळ बहुधा वर असते, आणि त्या अवस्थेत घेतलेलं माप पाण्यात फसतं. अंदाजाने नव्हे, डेकवर स्पिरिट लेव्हल ठेवून पाहा. जाड पुठ्ठ्यावर पेडलचा आकार कापा, डेकवर मध्यरेषा खडूने आखा, तिच्यावर उभ्या पायाची खूण करा, आणि पुठ्ठा हलवत बसवा. अंगात लाइफ जॅकेट, पायात ज्या चपला-बुटांत मासेमारी करता तेच, हातात नेहमीचा रॉड. जाड तळव्याच्या बुटात बटण जाणवत नाही, आणि दुपारी तापलेल्या पेडलवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. पातळ तळव्याचा बूट चांगला.

नंतर खरं पेडल त्याच जागी रबरी मॅटवर ठेवा आणि रुंद वेल्क्रोने धरा. वेल्क्रोची एक बाजू डेकला, एक पेडलच्या तळाला. डेक आधी पुसून कोरडं करा, मिठाच्या थरावर वेल्क्रो चिकटत नाही. मग पाण्यात जा. पहिली फेरी भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवशी, पाणी मंद असताना. दुसरी उधाणाच्या ओहोटीला, पाणी जोरात उतरत असताना, किनारा आळीपाळीने दोन्ही हातांना घेऊन. सोबतच्याला मागून आणि बाजूने फोटो काढायला सांगा. मागून काढलेल्या फोटोत कमरपट्टा आडवा दिसला पाहिजे. तो एका बाजूला चढलेला असेल तर उंची अजून चुकलेली आहे. प्रत्येक बदलानंतर डेकवर पेन्सिलीने पेडलची रूपरेषा आखून क्रमांक टाका, कारण तिसऱ्या बदलानंतर पहिली जागा आठवत नाही.

बोटीवर दोघे आळीपाळीने पुढे उभे राहत असाल, आणि उंचीत किंवा पायात फरक असेल, तर खोबण करूच नका. वेल्क्रो किंवा झटपट सुटणारी बेस प्लेट हीच कायमची जोडणी समजा. दुसऱ्या माणसासाठी पेडल सहा इंच हलवता येणं हे खोबणीच्या आरामापेक्षा जास्त कामाचं आहे.

केबलकडे चाचणीतच लक्ष द्या. मोटर सरळ असताना पेडल हलकं चालतं, पण केबल कुठे आवळून वळली असेल तर पूर्ण वळणाला जड होतं. केबलचं कोणतंही वळण जेवणाच्या ताटापेक्षा लहान नको. केबल सीटच्या खांबाला, हॅचच्या (डेकमधल्या झाकणाच्या) बिजागरीला किंवा कडेला घासत नाही ना, ते हाताने चाचपा. आणि मोटर उचलून डेकवर आडवी करून बघाच, कारण खरा घोटाळा तिथे होतो. मोटर उचलली की केबल मागे सरकते आणि तिचा फास डेकवर पडतो. ढील कमी असेल तर केबल पेडल ओढते किंवा ब्रॅकेटपाशी मुरगळते. एकदा मुरगळलेली केबल सरळ केली तरी तिथे अडतच राहते. पेडल मोटरपासून जास्तीत जास्त किती दूर जाऊ शकतं हे केबलच ठरवते. लांब केबल मिळेल या भरवशावर जागा ठरवू नका.

इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या मोटरींना ही अडचण नाही. वायरचं पेडल कुठेही ठेवता येतं, बिनवायरचं तर मागच्या सीटवरूनही चालवता येतं, आणि जीपीएसने जागा धरून ठेवणारी मोटर ओहोटीत पायाचं अर्धं काम स्वतः करते. पण केबलच्या पेडलला एक गुण आहे जो मला सोडवत नाही. पाटाचा कल आणि मोटरची दिशा एकमेकांना बांधलेली असतात, त्यामुळे खाली न बघता मोटर कुठे तोंड करून आहे ते पायाला कळतं. मुळांच्या जवळ, नजर लूअरवर असताना, हे फार उपयोगी पडतं. वायरच्या पेडलवर दिशा मोटरच्या डोक्यावरच्या बाणाकडे पाहून किंवा पाण्याच्या वळणावरून ओळखावी लागते.

जागा पक्की झाली की डेकखाली बघा. हॅचमधून हात घालून, टॉर्च मारून. खाली वायर, पेट्रोलची नळी, आडवा ताण धरणारी पट्टी किंवा फोमचं भरण असू शकतं. ताण धरणारी पट्टी खोबणीसाठी कापायची नाही, जागा दोन इंच सरकवावी. पट्टी कापायला सांगणारा कारागीर असेल तर काम त्याच्याकडे देऊ नका.

नुसते स्क्रू नकोत. पेडलवर प्रत्येक लाथ चवड्याने खाली आणि पुढे जाते, स्क्रू हळूहळू सैल होतात, भोकातून खारं पाणी प्लायमध्ये शिरतं आणि दोन पावसाळ्यांत डेक मऊ पडतं. आरपार बोल्ट हवेत: एम६, ३१६ ग्रेडचे स्टेनलेस, खाली रुंद वॉशर आणि शक्य असेल तर ५-६ एमएमची अ‍ॅल्युमिनियमची किंवा फायबरची पट्टी. डेक दोन थरांमध्ये प्लाय भरलेलं असेल तर भोक आधी १२ एमएमचं पाडा. त्यात प्लायचा कोरडा चुरा साफ करून, खालून टेप लावून, घट्ट केलेलं इपॉक्सी भरा. पूर्ण सुकल्यावर, म्हणजे किमान एक दिवसाने, त्याच्या मध्यातून ६.५ एमएमचं भोक पाडा. आता बोल्ट इपॉक्सीतून जातो आणि प्लायला पाणी लागतच नाही. बोल्टच्या डोक्याखाली मरीन पॉलियुरेथेन सीलंट लावा. बाथरूमचं सिलिकॉन लावू नका, ते सुटतं आणि त्यावर नंतर काही चिकटत नाही. स्टेनलेस नट कोरडा घट्ट केला तर आटे एकमेकांत जाम होतात आणि बोल्ट तोडावा लागतो. आट्यांना अँटी-सीझ लावा आणि मशीनऐवजी हाताने आवळा.

खोबणीचा डबा फायबरवाल्याकडून साच्यात करून घ्यावा, कोपरे गोल. काटकोनी कोपऱ्यात फायबर नीट बसत नाही आणि तिथूनच तडा जातो. डेक कापल्यावर उघडी पडलेली प्लायची कड सगळीकडून दोन वेळा इपॉक्सीने बंद करा. कापताना जिगसॉचं पातं फायबरसाठीचं असावं, टेप लावून कापावं, म्हणजे वरचा जेलकोट उडत नाही. तोंडावर मास्क आणि हातमोजे हवेतच.

खोबणीला निचरा नसेल तर ती करू नका. पावसात ती भरते, आणि कोरड्या दिवसांतही बुटाबरोबर आलेला लाल चिखल, तिवराचं पान आणि मासा आत घेताना सांडलेलं खारं पाणी यांचा थर तळाशी बसतो. पेडलचा खालचा सांधा त्या थरातच फिरतो. तळाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात, म्हणजे बोट पाण्यात असताना मागे येणाऱ्या कोपऱ्यात, एक इंची नळी बसवा. खोबणीचा तळ पाण्याच्या पातळीच्या बराच वर असेल तर नळी बाहेर काढता येते. पातळीच्या जवळ असेल तर नळी बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी पाणी साठतं त्या जागेत) सोडा, बाहेर नको. दोन माणसं नाळेवर उभी राहिली की नाळ खाली जाते आणि बाहेरचं पाणी नळीतून उलटं वर चढतं.

वायरिंगबद्दल थोडक्यात. २४ व्होल्टची ८० पौंड थ्रस्टची मोटर पूर्ण जोरात ५० अँपिअरच्या वर ओढते. ६० अँपिअरचा ब्रेकर बॅटरीजवळ, आणि १६ चौरस मिलिमीटरची टिन केलेली तांब्याची वायर. पेडलची वायर केबलबरोबर बांधा, पण पाटाच्या हलत्या भागापाशी दोन इंच ढील सोडा. फिश फाइंडरचा दिशा-सेन्सर मोटरपासून आणि जाड वायरींपासून दूर ठेवा.

क्षणिक चालू होणारं बटण बहुतेक पेडलांत डावीकडून उजवीकडे हलवता येतं. उजव्या पायाखाली पेडल असेल तर बटण डाव्या, आतल्या बाजूला घ्या. अंगठ्याच्या मुळाशी येतं आणि पाऊल न सरकवता दबतं. सतत चालू ठेवायचा खटका मात्र पायाने चुकून लागेल अशा बाजूला नसावा. मोटर उचलायच्या आधी खटका बंद, वेगाचं बटण शून्यावर, ही सवय घरच्या सगळ्यांना लावा. डेकवर पडलेल्या रॉडच्या मुठीने किंवा लूअरच्या डब्याने बटण दबतं आणि उचललेल्या मोटरचं पातं हाताजवळ फिरायला लागतं. रॉड पेडलच्या विरुद्ध बाजूला पट्ट्याने बांधून ठेवा. सुटी लाइनही पेडलच्या सांध्यात जाते आणि पाट अर्ध्यात अडतो.

खाडीत वापरायची मोटर खाऱ्या पाण्यासाठीच बनवलेली घ्यावी, पण पेडल कोणतंही असलं तरी प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवावं लागतं. होज हळू सोडा. प्रेशर वॉशर मारला तर मीठ आणि वाळू सांध्याच्या आत ढकलली जाते. धुताना पाट टाचेपासून चवड्यापर्यंत पाच-सहा वेळा हलवा, म्हणजे आतलं पाणी बाहेर येतं. वाळल्यावर सांध्याला सिलिकॉन स्प्रे. पेट्रोलियम ग्रीस इथे नको, त्याला चिखल चिकटतो. वायरच्या टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस. महिन्यातून एकदा डेकखाली हात घालून चारही नट चाचपा. एखादा फिरत असेल तर नुसता आवळू नका. बोल्ट काढा, भोक कोरडं करा, सीलंट नवीन लावा आणि मग बसवा.